अंगावरून गेलेलं वारं

नागपूरला एप्रिलअखेर जायचं म्हटलं की पुण्यात लोक निरोप द्यायला येतात की सांत्वनाला, तेच कळत नाही. शेजारच्या काकूंनी मला दोन कांदे दिले, एक पदराला बांधायला आणि एक पर्समध्ये ठेवायला. आमच्या कॉलेजातल्या विभागप्रमुखांनी मात्र उन्हाचं नावही काढलं नाही. ते म्हणाले, "बाई, ऊन तुम्हाला सोसेल हो. नागपूरच्या श्रोत्यांना तुम्ही सोसाल का, एवढंच बघा."

त्यांच्या या काळजीला कारण होतं. सीताबर्डीवरच्या एका वाचनालयाने मला उन्हाळी व्याख्यानाला बोलावलं होतं आणि मी विषय कळवला होता जोडताऱ्यांचा. आकाशात काही तारे जोडीने राहतात. त्यातल्या काही जोड्यांत एक तारा अवाढव्य आणि तापट असतो, तर दुसरा जेमतेम एखाद्या शहराएवढा, पण वजनाने आपल्या सूर्याला भारी. मोठ्याच्या अंगातून सतत वारा सुटलेला असतो. त्यातला थोडासा हा चिमुकला ओढून घेतो आणि त्या जोरावर क्ष-किरणांनी पेटून उठतो. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं, असल्या जोड्या उपग्रहांना सापडायला लागून दहाएक वर्षंच झाली होती, आणि मी विभागात पैज मारून बसले होते की हे सगळं मी मराठीत कुणालाही समजावून देईन. वाऱ्यासाठी एखादा भारदस्त संस्कृत शब्द शोधा, असं प्रमुख सुचवत होते. मी म्हटलं, कशाला? वाऱ्याला वाराच म्हणायचं. इतका साधा शब्द कुणाला कळणार नाही?

कळला. सगळ्यांना अगदी व्यवस्थित कळला, आणि तिथेच घोळ झाला.

सीताबर्डी, पहिला दिवस

स्टेशनवर वाचनालयाचे चिटणीस भोयर सर घ्यायला आले होते. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. डोक्याकानांभोवती पांढरा दुपट्टा असा गुंडाळलेला की फक्त चष्मा आणि मिशी दिसत होती. सकाळचे नऊ वाजले होते आणि माझ्या अंगातलं पाणी संपत आलं होतं. सायकलरिक्षात बसताना मी म्हटलं, "फारच ऊन आहे हो."

"हे?" भोयर सरांना वाईट वाटलं. "हे काहीच नाही, मॅडम. मे लागू द्या, मंग पाहा."

पुण्यात लोक मुलाच्या मार्कांबद्दल ज्या सुरात बोलतात, त्या सुरात नागपूरकर आपल्या उन्हाबद्दल बोलतात. यंदा बरा आहे, पण खरी चमक पुढे दाखवेल.

उतरायचं होतं त्यांच्याच घरी, रामदासपेठेत. घरात शिरल्याबरोबर खिडकीतल्या कूलरचा वाळ्याच्या वासाचा ओला झोत तोंडावर आला आणि नागपूरबद्दलचे माझे निम्मे गैरसमज तिथेच दूर झाले. भोयर वहिनींनी पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली, वर लालभडक तर्री. मग विचारलं, "सांबार टाकू का वरून?"

पोह्यांवर तर्री एक वेळ समजू शकते, पण तिच्यावर पुन्हा सांबार? मी पुणेरी नम्रतेने म्हटलं, "नको, असंच आवडतं मला." वहिनींनी जरा आश्चर्याने माझ्याकडे बघितलं आणि बशी तशीच दिली. पोहे झकास होते. तोंडाचा जाळ झाला तो वेगळा. नुसती वर कोथिंबीर असती तर काय बिघडलं असतं, असं मात्र मनात आलं.

संध्याकाळी वाचनालयात पोचलो तर दाराशी पाटी उभी होती. अक्षर इतकं देखणं की मी आधी अक्षरच बघत राहिले, मग मजकूर वाचला.

"पुण्याच्या डॉक्टर बाईंचे व्याख्यान. क्ष-किरण आणि अंगावरून जाणारे वारे. सर्वांस मुक्त प्रवेश."

"सर, यातले तारे कुठे गेले?"

"पाटी लहान पडली, मॅडम. तारे बसेनात."

"आणि मी तर 'ताऱ्याच्या अंगातून सुटणारा वारा' असं लिहून पाठवलं होतं."

सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "वाचनालयात बायामाणसं येतात, मॅडम. अंगातून वारा सुटते म्हटलं तं बरं दिसत नाही ना. म्हणून 'अंगावरून जाणारे' केलं. जरा सभ्य वाटते."

मला हसू आवरेना. मुद्दा बिनतोड होता. ज्या भाषेत मी पैज मारली होती, तिच्यात मी स्वतःच काय लिहून बसले होते, ते मला ड्रॉइंग मास्तरांनी दाखवलं. मी त्यांचे आभार मानले आणि आत गेले. अंगावरून वारं जाणं म्हणजे मराठीत काय, हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. पण वीस वर्षं ताऱ्यांत काढलेल्या बाईला पक्षाघात कशाला आठवेल?

हॉल खचाखच भरलेला होता. पुण्यात ताऱ्यांच्या व्याख्यानाला अकरा माणसं आली तर आम्ही फोटो काढतो. इथे शंभरावर माणूस होतं, आणि पुढच्या दोन रांगांत तर बहुतेकांच्या मांडीवर मोठमोठे खाकी लखोटे. मला भरून आलं. म्हटलं, बघा, ताऱ्यांचे फोटो घेऊन आलेत. नागपूरकर किती तयारीने येतात.

मी सुरुवात केली. "आज आपण वाऱ्याबद्दल बोलणार आहोत. हा वारा साधा नाही. अंगावरून जाताना तो अंगातलं सत्त्व घेऊन जातो."

पहिल्या रांगेतल्या धोतर-टोपीवाल्या गृहस्थांनी लगेच हात वर केला. "डाक्टर बाई, डाव्या अंगाचं वारं जास्त खराब, का उजव्या?"

पहिल्याच वाक्याला दिशेचा प्रश्न! मी खूश होऊन सांगितलं, "डावं-उजवं असं नसतं. वारा सगळ्या अंगांनी सारखाच जातो."

हॉलमध्ये कळवळल्यासारखा आवाज झाला.

"सगळ्याच अंगांनी?"

"हो. आणि एकदा सुरू झाला की लाखो वर्षं थांबत नाही."

गृहस्थांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग खचलेल्या आवाजात म्हणाले, "म्हंजे मालिश करून बिलकुल फायदा नाही?"

मालिश? माझी नजर त्या लखोट्यांवर गेली. एका लखोट्याच्या तोंडातून काळ्या फिल्मचं टोक बाहेर आलं होतं आणि तिच्यावर कुणाच्या तरी बरगड्या होत्या. क्ष-किरण. अंगावरून जाणारं वारं. डॉक्टर बाई. पाटी डोळ्यांपुढे पुन्हा उभी राहिली आणि या वेळी मी ती नागपूरकरांच्या डोळ्यांनी वाचली. भोयर सरांकडे बघितलं, तर त्यांनीही ती वाचली असावी, कारण दुपट्टा आता चष्म्यावरही आला होता.

मी हात जोडले आणि सांगून टाकलं. मी डॉक्टर आहे, पण पुस्तकातली. माणसांना औषध देणारी नाही. हे वारं ताऱ्यांचं आहे आणि क्ष-किरणही त्यांचेच.

दुसऱ्या रांगेच्या कडेला हिरवं लुगडं नेसलेल्या, साठीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "ताऱ्याच्याबी अंगावरून वारं जाते काय वं माय?"

सगळा हॉल हसला. मीही हसले. त्या हसण्यात निम्मी माणसं उठून गेली, अगदी आदराने, लखोटे सांभाळत. उरलेली कूलरसमोर सरकली. माझ्या विषयाने किती जण थांबले आणि कूलरने किती, याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही.

हिरव्या लुगड्याच्या बाईही उठल्या होत्या, पण त्यांच्या शेजारचे म्हातारे हलले नाहीत. उंच, हाडापेराने दणकट माणूस. डावा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा पडला होता आणि डावीकडचा ओठ जरा ओघळलेला. ते फळ्यावरच्या माझ्या चित्राकडे बघत होते. मी एक मोठं वर्तुळ काढलं होतं आणि त्याच्या शेजारी एक ठिपका. बाईंनी दोनदा त्यांचा खांदा हलवला आणि मग त्याही खाली बसल्या.

त्या दोघांसाठीच मी पुढचा तास बोलले असं म्हटलं तरी चालेल. छोटा तारा केवढा, तर नागपूरहून कामठीपर्यंत जाऊन थोडा उरेल एवढा. तो मोठ्याभोवती नऊ दिवसांत एक फेरी मारतो. मोठ्याचा वारा त्याच्याच उजेडाच्या रेट्याने सुटतो आणि बहुतेक सगळा फुकट जातो. छोट्याच्या वाट्याला येतो चिमूटभर. पण तो त्याच्यावर इतक्या वेगाने कोसळतो की तापतो आणि क्ष-किरण फेकतो. वारा सारख्या जोराने येत नाही, कधी दाट, कधी विरळ असा येतो, म्हणून छोटाही कधी भडकतो, कधी विझू विझू होतो. आणि फिरत फिरत मोठ्याच्या पाठीमागे गेला की आपल्याला दिसेनासाच होतो.

"दिसत नाई म्हंजे गेला काय?" बाईंनी विचारलं.

"नाही. मागे असतो. पुन्हा पुढे येतो."

"आन मोठीच्या वाऱ्यावर हा जगते, तं हा मोठीले काय देते?" त्यांनी मोठ्या ताऱ्याची केव्हाच बायको करून टाकली होती. "त्या किरणाचं तिले काही होते का नाई?"

हा प्रश्न नेमका होता. इतका नेमका की त्याचं उत्तर मी घरूनच गाळून आले होते. मराठीत ते नीट जमत नव्हतं. मी म्हटलं, "होतं, पण ते जरा अवघड आहे. आज राहू द्या." पुण्यात आम्ही वर्गात असंच म्हणतो, आणि विद्यार्थी बिचारे राहू देतात. बाईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही, हे दिसत होतं.

व्याख्यान संपल्यावर त्यांनी मला दाराशी गाठलं. नाव अनसूयाबाई. नवरा शेषरावजी. हुडकेश्वरला वाडी, वांगी आणि थोडी संत्र्याची झाडं. त्या एका दमात बोलत होत्या आणि दम घ्यायला थांबत नव्हत्या.

"पाच महिने झाले, बाई. बांधावर पडले, डाव्या अंगावरून वारं गेलं. रामदासपेठेतला डाक्टर म्हणते, चालता येते त्याइले, बोलताबी येते, जरा बोबडं येईन, पण बोललं पाहिजे, चाललं पाहिजे. हे ना चालत, ना बोलत. एकडाव बोलले, पोरं हासले, तवापासून तोंड बंद. बाजेवर पडून राहते. घरात मी एकटीच बोलून राहिली. काल बजारातून जाताना तुमची पाटी वाचली. घरी जाऊन म्हटलं, वाऱ्याची डाक्टरीन आली पुण्याहून. तं उठले, बाई. आपल्या मनानं उठले. आता घरी जाऊन पुन्हा पडले तं मंग काई उठत नाई. उद्या जेवाले या आन त्याइले सांगा. डाक्टर नाई म्हणून नका सांगू."

मी म्हटलं, "अनसूयाबाई, ते मी सांगून चुकले आहे. आणि खोटं बोलणं मला जमणार नाही."

"नका बोलू खोटं," त्या म्हणाल्या. "तुमचं ताऱ्याचंच बोला. पण या."

शेषरावजी पायरीवर काठी टेकून उभे होते. ते सगळं ऐकत होते आणि रस्त्याकडे बघत होते. हुडकेश्वरची मोटार आली तशी अनसूयाबाईंनी त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघं गेली.

रामदासपेठ, दुसऱ्या दिवशी सकाळी

सकाळी पुन्हा पोहे, पुन्हा कोथिंबीर नाही. वहिनींना राहवलं नाही. "मॅडम, पुण्यात सांबार खात नाहीत काय?"

"खातो ना, इडलीबरोबर."

वहिनींनी आत जाऊन कोथिंबिरीची जुडी आणली आणि माझ्यासमोर धरली. "हा सांबार."

भोयर सर हसून हसून खोकायला लागले. पाटीची भरपाई झाल्यासारखं त्यांना वाटलं असणार. मग गंभीर होऊन म्हणाले, "जायचं का हो मॅडम, हुडकेश्वरले? चूक माझी होती. माझ्याच्यानं काही होत असन तं मी सोबत येतो."

मला जायचं नव्हतं. कुणाच्या घरात पाच महिने बाजेवर पडलेला माणूस, त्याची बायको माझ्याकडे आशेने बघणार, आणि मी सांगणार काय, तर ताऱ्याचा वारा दर सेकंदाला किती कोस जातो ते. लाज वाटत होती. पण न जाण्याचीही वाटत होती, आणि ती जास्त. कोथिंबीर घातलेल्या पोह्यांची दुसरी बशी संपवली आणि आम्ही निघालो.

हुडकेश्वर, दुपार

शहर मागे पडलं तशी काळी, भेगाळलेली जमीन सुरू झाली. हुडकेश्वरला पोचेपर्यंत माझ्या पदरातला कांदा शिजला असावा. वाडीत शिरताच मात्र कडुनिंबाची गार सावली होती. सावलीत बाज, बाजेवर शेषरावजी भिंतीकडे तोंड करून. अनसूयाबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं होतं. घरी आले आणि पुन्हा पडले.

जेवण मात्र थांबलं नव्हतं. पाटोडीचा रस्सा, ज्वारीची भाकर, सांबारवडी (या वेळी मी न घाबरता मागून घेतली) आणि कैरीचं पन्हं. रस्सा इतका तिखट की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. अनसूयाबाई म्हणाल्या, "पुण्याच्या लोकाइले रडाले कारण लागत नाई." त्या वाढत होत्या आणि बोलत होत्या. विहिरीचं पाणी, जावयाचा स्वभाव, भोयर सरांची मिशी, सगळ्याचा समाचार चालला होता. बाजेवरून हूं नाही की चूं नाही. प्रत्येक दोन वाक्यांनंतर त्या बाजेकडे बघत होत्या, आणि मग आणखी जोरात बोलायला लागत होत्या.

जेवण झाल्यावर मी बाजेशेजारी पाट घेऊन बसले. म्हटलं, "शेषरावजी, मी माणसांची डॉक्टर नाही. काल सांगितलं, आजही सांगते. तुमच्या हातापायाचं मला काही कळत नाही. ते रामदासपेठेतल्या डॉक्टरांना कळतं."

मग ते सावकाश वळले. उजव्या हाताने काठी घेतली आणि अंगणातल्या धुळीत एक मोठं वर्तुळ काढलं. शेजारी ठिपका दिला. काठी ठिपक्यावर टेकवली, मग स्वतःच्या छातीवर टेकवली. वर्तुळावर टेकवली आणि अनसूयाबाईंकडे दाखवली. नंतर ठिपका पायाने पुसून टाकला.

अनसूयाबाईंचं बोलणं थांबलं नाही, पण आवाज चिरकला. भोयर सर दुपट्टा सोडून पुन्हा बांधू लागले.

मला राग आला. माझ्या व्याख्यानाचा असा अर्थ कुणी काढलेला मला खपत नाही. काठी मी त्यांच्या हातातून घेतली आणि ठिपका होता तिथे पुन्हा काढला.

"तुम्ही काल अर्धंच ऐकलंत," मी म्हटलं. "चूक माझी, मी अर्धंच सांगितलं. हा जो बारका आहे ना, हा जन्माचा बारका नाही. या जोडीत आधी हाच मोठा होता. हिच्याहून मोठा. मग एक दिवस फुटला. होतं नव्हतं ते उधळलं आणि एवढासा उरला. पण जोडी सोडून गेला नाही. वजन अजून सूर्याहून जास्त आहे. वाऱ्याची भीक नाही घेत तो, स्वतःच्या वजनाने ओढून घेतो. दुसरं कुणी तिथे असतं तर त्याच्याच्याने हा वारा ओढला गेला नसता."

शेषरावजी माझ्याकडे बघत होते.

"आणि तो पडून नाही राहत. फिरतो. फिरतो म्हणूनच तिच्या अंगावर पडत नाही. थांबला तर पडेल."

हे शास्त्र अगदी खरं आहे. मी एक अक्षर वाढवून सांगितलं नाही. तरीही सांगताना मला कळत होतं की समोर तारा नाही.

त्यांनी त्या ठिपक्याकडे बघितलं. मग काठीसाठी हात पुढे केला. मी दिली. त्यांनी ती जमिनीत रोवली, भोयर सर मदतीला धावले तर त्यांना कोपरानेच बाजूला केलं, आणि उठले. डावा पाय ओढत दोन पावलं टाकली. थांबले. पुन्हा दोन टाकली.

अनसूयाबाई निंबाखाली चिंचा फोडत बसल्या होत्या. एका बाजूला टरफलं, एका बाजूला चिंचोके, मध्ये त्या. त्यांनी वर बघितलं नाही. इतकी हुशार बाई मी पुण्यात बघितलेली नाही. वर न बघताच बोलत राहिल्या. "पाय उचलून टाका जरा, बैल बरा त्यापरीस. काठी काहून एवढी दाबता, जमिनीत विहीर खोदून राहिले काय? लग्नाच्या वेळी मांडवातबी असेच चालले होते, माह्या बापाले वाटलं, नवरदेवाले जोडा लागते." शेषरावजी त्यांच्याभोवती चालत होते. एक फेरी झाली. घाम आला. दुसरी झाली. भोयर सर माझ्या कानात म्हणाले, "मॅडम, ह्या थांबतच नाहीत." मी म्हटलं, थांबूच नये त्यांनी.

तिसऱ्या फेरीला शेषरावजी त्यांच्या पाठीमागे गेले. पाठीमागून पावलांचा आवाज थांबला. अनसूयाबाईंना मागचं दिसत नव्हतं. चिंच सोलणारी बोटं जोरात चालायला लागली, बोलणंही. जावई, विहीर, वांगी, मोटारीचा कंडक्टर, काय तोंडाला येईल ते. मान वळवून बघायची त्यांची हिंमत होत नव्हती, आणि माझीही काही सांगायची होत नव्हती. मला समोरून दिसत होतं. ते पडले नव्हते. काठीवर भार टाकून उभे होते आणि त्यांचा ओठ हलत होता.

मग आवाज आला. जाड, ओला, अर्धा तोंडातच राहिलेला.

"चूप ना वं."

अनसूयाबाई चूप झाल्या.

काल संध्याकाळी दाराशी गाठल्यापासून त्या बाईला मी गप्प बघितलं नव्हतं. निंबाखाली एकदम इतकी शांतता झाली की विहिरीवरची चिमणी ऐकू यायला लागली. आणि तिथे धुळीत बसून मला त्यांच्या कालच्या प्रश्नाचं उत्तर मराठीत सापडलं, जे मी अवघड म्हणून टाळलं होतं. बारक्याच्या किरणांचं मोठीला काही होतं का? होतं. ते किरण तिच्या वाऱ्यात शिरतात आणि वाऱ्याचा कसच बदलून टाकतात. मग तिचा उजेड त्या वाऱ्याला रेटू शकत नाही आणि त्या बाजूचा वारा मंदावतो. तिच्याच वाऱ्यावर पेटलेला तो, तिलाच थोडं थांबवतो. एवढंच. यात अवघड काय होतं, कोण जाणे.

अनसूयाबाईंनी चिंचेचे हात तसेच डोळ्यांना लावले. मग चिंच झोंबली म्हणून भोयर सरांकडे पाणी मागितलं. शेषरावजी पाय ओढत पाठीमागून पुढे आले, समोर उभे राहिले आणि बायकोचं तोंड बघितलं. ते घाबरले. पाच महिन्यांत घरात एवढी शांतता त्यांनी ऐकली नसावी. काठी हातातून सुटेल की काय असं वाटलं, पण सुटली नाही. ओठ पुन्हा हलला, वाकडा झाला, थांबला, आणि या वेळी शब्द जरा लवकर आला.

"बोल ना वं."